तोरणमाळच्या वाटेवरची काटेसावर

तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जायला शहाद्याहून निघालं, म्हसावद मागे टाकलं, की राणीपूरच्या पुढे सातपुडा अंगावर येतो. माघ-फाल्गुनात या पानगळीच्या करड्या रानात पळस केशरी पेटलेला असतो, पांगारा शेंदरी आणि काटेसावर भडक लाल. पळस कॅमेऱ्याला सोसतो. छळते ती सावर.

पाच मांसल पाकळ्या, त्यांवर बारीक रेषा, आत पुंकेसरांचा झुबका. डोळ्याला सगळं दिसतं, फोटोत मात्र नुसता लाल थापा. फुलावरून परततो तो बहुतेक लालच प्रकाश, हिरवा-निळा नावापुरता. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक, म्हणजे मीटर, मोजतो एकूण उजेड, आणि त्यात सर्वांत जास्त वजन हिरव्याला. त्याच्या लेखी फूल काळोखं, म्हणून तो एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवतो आणि लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, ओसंडून त्यातले बारकावे पुसले जातात. साधा हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा एकूण उजेडाचा आलेख, तेव्हाही निर्धास्त असतो! म्हणून लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम उघडावा आणि लाल आलेख उजव्या कडेपासून सुटेपर्यंत एक्स्पोजर उतरवावं. सावरीला बहुधा पाऊण ते एक स्टॉप उतरवावं लागतं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). फाईल रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली), पिक्चर प्रोफाईल, म्हणजे रंगांची सेटिंग, न्यूट्रल. कारण स्क्रीनवरचा हिस्टोग्राम कॅमेऱ्याने रंगसंस्कार केलेल्या जेपीईजीवरून बनतो आणि ‘व्हिव्हिड’ त्याला आणखी भडकवतं.

सातपायरी घाटात सकाळी डोंगराची सावली पडलेली झाडं मिळतात. तिथला उजेड मऊ असतो, म्हणून माझ्या मते ती सावली कुठल्याही महागड्या लेन्सपेक्षा मोलाची. शिवाय सावरीची फुलं अख्खीच गळतात, त्यामुळे शेंड्याकडे मान मोडत बघायचं कारण नाही. खाली ताजी फुलं पडलेलीच असतात. मी पालथा पडून फोकस लावत होतो, तेव्हा बकऱ्या हाकणाऱ्या आजोबांनी विचारलं, “पडेल फुलना फोटू काढी राहिनात का, भाऊ?” हो म्हटल्यावर त्यांनीच एक बकरी माझ्या फुलापासून हटवली.

पाकळीवर चकाकी असेल तर लेन्सवरचा पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) फिरवून बघावा. रेषा लगेच वर येतात. घरी एडिटिंग करताना आधी लालचं सॅच्युरेशन (गडदपणा) थोडं कमी करावं, मग त्याचं ल्युमिनन्स (उजळपणा). उलटं करणारेही आहेत, मला ते जमत नाही.

होळीच्या आठवड्यात गेलात तर धडगावकडचा भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचा होळीचा बाजार, चुकवू नका. तिथल्या लाल कपड्यांनाही हाच हिशेब लागतो. फक्त फोटो काढण्याआधी विचारायचं.