पादुआत एक दिवस : शवविच्छेदनाचं लाकडी सभागृह, औषधी बाग आणि सापाच्या मांसाचं औषध

व्हेनिसला जाणारी आपली मंडळी शेजारचं पादुआ शहर बहुधा गाडीच्या खिडकीतूनच बघतात. वैद्यकाच्या इतिहासात थोडाही रस असेल तर दिवस पादुआला द्यावा आणि व्हेनिस संध्याकाळवर ठेवावं. साध्या लोकल गाडीनं अंतर तासाभराच्या आतलं आहे. सोमवार मात्र टाळा, आणि पालाझ्झो बोचं तिकीट आधीच काढून ठेवा. विद्यापीठाच्या या जुन्या इमारतीत मार्गदर्शकाशिवाय सोडत नाहीत आणि प्रत्येक गटाची वेळ ठरलेली असते.

विद्यापीठ १२२२ चं. शवविच्छेदनाचं सभागृह १५९५ मध्ये फाब्रिचिओ या प्राध्यापकाच्या काळात उभं राहिलं. त्याआधी दर हिवाळ्यात लाकडी मांडव उभारायचा आणि काम झालं की मोडायचा, अशी रीत होती. त्यामुळे शरीररचनेचा नामांकित अभ्यासक आंद्रेआस व्हेसालियस इथे उभा राहून शिकवायचा असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो डिसेंबर १५३७ मध्ये पदवी घेऊन लगेच इथला शिक्षक झाला आणि त्याचा गाजलेला ग्रंथ १५४३ मध्ये बाझलला छापला गेला. हे सभागृह त्यानंतर अर्ध्या शतकानं बांधलं.

आपल्याला आत नेतात ते खालून, जिथे टेबल असायचं त्या तळाशी. वर मान केली की अक्रोडाच्या लाकडाचे कठडे असलेल्या सहा लंबगोल कड्या एकावर एक रुंदावत जाताना दिसतात, उलट्या नव्हे तर सुलट्या नरसाळ्यासारख्या. बसायला जागाच नाही. दोनशेहून जास्त विद्यार्थी कठड्याला रेलून उभे राहत आणि उजेड मेणबत्त्यांचा. फाशी दिलेल्या गुन्हेगाराचं प्रेत खालच्या खोलीतून वर आणत. हे काम थंडीतच चाले. कापायचा क्रमही ठरलेला : आधी पोट, मग छाती, मग डोकं, शेवटी हातपाय. जे लवकर सडतं ते आधी. हा क्रम बोलोन्याच्या मोंदिनो या प्राध्यापकानं १३१६ मध्ये लिहून ठेवलेला. सभागृह नवं झालं, क्रम जुनाच राहिला, कारण प्रेत कुजायचं थांबलेलं नव्हतं.

मग नवं काय होतं? पूर्वी प्राध्यापक उंच आसनावरून प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनचा ग्रंथ वाचून दाखवी, दुसरा कुणी काठीनं अवयव दाखवी आणि सुरी न्हाव्याच्या हातात असे. व्हेसालियस खाली उतरला आणि तिन्ही कामं स्वतः करू लागला. गॅलेननं माकडं-डुकरं फाडली होती, माणूस नाही, हे त्याला असंच उमगलं. माणसाचा खालचा जबडा एकाच हाडाचा असतो, दोन नाही. उरोस्थीचे भाग तीन, सात नाहीत. पण याच व्हेसालियसचं १५३९ चं पत्र काढून बघा. विषय रक्तमोक्षण, म्हणजे उपचार म्हणून शीर फोडून रक्त काढणं! फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तर कुठल्या हाताची शीर फोडायची, यावर वाद चालू होता. छातीतल्या एका शिरेचा मार्ग स्वतः पाहून त्यानं उजव्या कोपराचा कौल दिला. रक्त काढावं की नाही, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता. माझ्या मते प्रबोधनकाळातलं वैद्यक समजून घ्यायला त्याच्या जाडजूड ग्रंथापेक्षा हे छोटं पत्र जास्त उपयोगी आहे.

रक्ताभिसरण सिद्ध करणारा इंग्रज वैद्य विल्यम हार्वी इथूनच १६०२ मध्ये पदवी घेऊन गेला. शिरांमधल्या झडपांची चित्रं फाब्रिचिओनं १६०३ मध्ये छापली, पण त्याच्या मते झडपा रक्ताचा हातापायांकडे जाणारा ओघ आवरून धरत. हार्वीनं १६२८ च्या पुस्तकात पट्टी बांधलेला हात दाखवून उलटं सिद्ध केलं. प्रयोग असा : दंडावर पट्टी बांधा, नाडी लागेल इतपतच घट्ट. शिरा फुगतात आणि जागोजाग गाठी दिसतात, त्या झडपा. एका बोटानं शीर दाबून धरा. दुसऱ्या बोटानं तिथून खांद्याच्या दिशेनं, पुढच्या गाठीच्या पलीकडे रक्त सारा आणि ते बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त परत येत नाही. पहिलं बोट उचललं की तो खालून भरतो. पट्टी फार आवळली तर नाडीच बंद पडते, हात गार होतो आणि शिरा फुगतच नाहीत. गंमत म्हणजे ही ‘बेताची’ पट्टी म्हणजे रक्त काढणाऱ्यांची रोजची पट्टी. रक्ताभिसरणाचा पुरावा रक्तमोक्षणाच्या सामानातून निघाला आणि त्यानंतरही रक्तमोक्षण दोनशे वर्षं सुखेनैव चालू राहिलं.

जवळच सान फ्रान्चेस्कोचं जुनं रुग्णालय आहे, आता तिथे वैद्यकाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. १५४० च्या दशकात दा मोन्ते हा प्राध्यापक इथे विद्यार्थ्यांना थेट खाटेपाशी नेऊन शिकवी. प्रदर्शनं मुलांना आवडतील अशी आहेत, घाई असेल तर वगळलं तरी चालेल.

बाग वगळू नका. व्हेनिसच्या सत्तेनं १५४५ मध्ये ती उभारली ती शोभेसाठी नाही. औषधविक्रेते एका मुळीच्या जागी दुसरी खपवत, आणि वैद्यांनी झाड फक्त ग्रीक ग्रंथातल्या वर्णनात पाहिलेलं. विद्यार्थ्याला जिवंत झाड ओळखता यावं म्हणून वर्तुळात चौकोन आणि त्यात वाफे, अशी आखणी केली. झाडं इतकी चोरीला जाऊ लागली की काही वर्षांत भोवती गोल भिंत बांधावी लागली. १५८५ मध्ये लावलेलं ताडाच्या जातीचं झाड काचघरात अजून उभं आहे. विषारी वनस्पतींचा वाफा सावकाश बघा.

इथे आपल्याकडचा धागा लागतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यानं उपचार केले, मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. हिंदुस्थानी औषधांवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं आणि १५६७ मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पहून निघून युरोपभर गेला. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, असं तो त्यात म्हणतो. मरणानंतर इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली, ती मात्र यहुदी असण्याच्या आरोपावरून. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे.

संध्याकाळी व्हेनिसमध्ये रियाल्तो पुलाजवळ ‘सोन्याचं डोकं’ नावाच्या जुन्या औषधालयाची खूण शोधा. इथे थेरियाक हे विषावरचं औषध बनायचं, रोमन सम्राट नीरोच्या वैद्याच्या पाठातलं, साठाहून अधिक घटकांचं. पादुआजवळच्या युगानियन टेकड्यांतले विषारी साप आणत. डोकं-शेपटी उडवायची, कातडी-आतडी काढायची, मांस मीठ आणि शेपू घालून शिजवायचं, काटे वेचून पावाच्या चुऱ्यात मळायचं आणि वड्या सावलीत वाळवायच्या. त्यात अफू, मिरी, दालचिनी, सुंठ, केशर कुटून मधात कालवायचं. ताज्या औषधात अफूचा जोर जास्त, म्हणून ते काही वर्षं मुरवत. भेसळ होऊ नये म्हणून घटक आधी लोकांपुढे मांडत आणि कुटाई अधिकाऱ्यांसमोर भर रस्त्यात चाले. कांपो सांतो स्तेफानोच्या फरशीवर खलांच्या गोल खुणा अजून दिसतात. गर्दीत त्या सापडत नाहीत, सकाळी लवकर जा. रियाल्तोच्या त्या औषधालयात हे औषध विसाव्या शतकातही विकलं जात होतं.