गारमाथ्याच्या चढावर

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघालेली नाथांची पालखी रायमोहा सोडून पाटोद्याकडे वळली की बालाघाटाच्या रांगेतील गारमाथ्याचा चढ लागतो. परिचारिका म्हणून माझे काम एरवी मुक्कामावरच चालते: फोड धुऊन पट्टी करायची, रक्तदाब पाहायचा, क्षारसंजीवनी द्यायची. चढाच्या दिवशी मात्र मी औषधांची पेटी खांद्याला अडकवून दिंडीबरोबर चालते, कारण थकलेली माणसे मागे राहतात आणि मागे राहिलेल्यांना गाडीपर्यंत यायचा संकोच वाटतो.

त्या दिवशी अशीच एक बाई कमरेवर हात ठेवून वळणावर थांबली होती. वय चाळिशीच्या आतले; कपाळावरचा बुक्का घामाने ओघळलेला, आणि उजव्या तळहातावर ऊसतोडीच्या कोयत्याच्या मुठीने पडलेला, खडूसारखा पांढरट घट्टा. मी म्हटले, "आक्का, गाडीत बसा. पाटोद्याला उतरा."

"न्हाई ताई. तिकडं खाडा पडला की मुकादम पैसं कापतो, म्हणून चालायचं. ही वारी मपली हाये. हितं खाडा न्हाई पाडायची."

आम्ही दोघी हळूहळू चढू लागलो. पुढे 'भानुदास एकनाथ'चा गजर चालू होता, त्यामुळे तिचे बोलणे माझ्याखेरीज कोणाला ऐकू जात नव्हते. दम लागत असल्याने ती तुटक तुटक बोलत होती आणि मधल्या शांततेत मला विचार करायला उसंत मिळत होती. हीच बाई बाह्यरुग्ण विभागात आली असती, तर मागच्या रांगेकडे पाहत "कंबर दुखते" एवढेच सांगून गोळ्या घेऊन गेली असती. इथे आम्ही दोघी समोरच्या रस्त्याकडे पाहत होतो, आणि मला वाटते, म्हणूनच तिला बोलता आले.

अंगातून वाफा निघतात, म्हणाली. रात्री गार वारा सुटला तरी घामाने लुगडे भिजते. मग बऱ्याच वेळाने, "माझी पिशवी काढली ना ताई. धाकटा दीड वर्षाचा व्हता तवा." अंगावरून जात होते, कारखाना सुरू व्हायला आला होता, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन झाली होती, खासगी दवाखान्यात कोणीतरी म्हणाले की कॅन्सर होईल, काढून टाका.

बीड जिल्ह्यात हे काही एकटीचे दुखणे नाही. २०१९ साली शासनाच्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यानंतर अशा शस्त्रक्रियेपूर्वी खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. हे आकडे मला पाठ होते. पण तिने पुढे जे विचारले, ते कोणत्याही तक्त्यात मी वाचले नव्हते: "पिशवीसंगं अजून काय काढलं असंल, ते कळतं का आता?"

प्रश्न अचूक होता. नुसते गर्भाशय काढले आणि बीजांडकोश (अंडाशय) ठेवले, तर पाळी थांबली तरी शरीराला संप्रेरके मिळत राहतात. दोन्ही बीजांडकोशही काढले, तर वय कितीही कमी असले तरी लगेच रजोनिवृत्ती येते आणि हाडे लवकर झिजू लागतात. तिच्या वाफा, घाम, कंबर यांची संगती मनात लावत मी बराच वेळ गप्प चालत राहिले. वारी सोडा, असे सांगणे आता मला योग्य वाटेना, कारण सपाटीवरचे चालणे हाडांना उपकारकच असते. तिला मोडते ते वाकून तोडणे आणि डोक्यावरची मोळी. चढापुरता आधार घ्या, रात्री पाठीखाली जाड अंथरूण घाला, असे मी सांगितले. पाटोद्याच्या मुक्कामी जिल्हा रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि तिच्या आग्रहाखातर तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत त्यात उतरवला.

दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडण्याआधी ती रुग्णालयात जाऊन आली. सोनोग्राफीत दोन्ही बीजांडकोश दिसले नाहीत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झाले, हाडांच्या तपासणीची तारीख मिळाली. तेव्हापासून पिशवी काढलेली बाई भेटली की बीजांडकोश ठेवले का काढले, हे मी विचारते. बहुतेकींना ते कोणी सांगितलेलेच नसते, आणि ज्यांच्याकडे दवाखान्याचे कागद आहेत त्यांचे कागद मी आता स्वतः वाचून दाखवते.