गल्लीतल्या पिल्लांचा खेळ नोंदवताना

भारतातली भटकी कुत्री बहुतेक पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येतात. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यामुळे ठाण्यात थंडी सुरू झाली की उपवनला, तलावपाळीला, सोसायट्यांच्या गेटापाशी पिल्लांची झटापट दिसू लागते. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करावासा वाटणाऱ्याला यापेक्षा चांगली सुरुवात मिळणार नाही. वेळ सकाळी लवकरची गाठा. ऊन चढलं की पिल्लं गाड्यांखाली जाऊन झोपतात.

पहिला प्रश्न: हा खेळ की भांडण? प्राणिवर्तनाचे अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांनी २००५ मध्ये खेळ ओळखायचे पाच निकष मांडले. त्या क्रियेचा त्या क्षणी पूर्ण उपयोग नसतो. ती आपखुशीने होते. खऱ्या क्रियेपेक्षा ती वेगळी, अर्धवट किंवा अतिरंजित असते. ती पुन्हा पुन्हा होते, पण ठरावीक साच्यात नाही. आणि प्राणी भुकेला, आजारी किंवा घाबरलेला नसतो. मला हा पाचवा निकष सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण भावनांच्या अभ्यासाची वाट तिथूनच सुरू होते.

वहीत मात्र ‘आनंदी’, ‘मस्तीत’ असे शब्द नकोत. अंगाचं काय झालं तेवढंच लिहा: पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला, मागचा भाग वर, शेपूट हलतेय. हे खेळाचं आमंत्रण. मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की मान झटकून घेतलेल्या चाव्याच्या आगेमागे हा पवित्रा जास्त दिसतो. असा चावा गैरसमजाला निमंत्रण देणारा. म्हणून ‘हा खेळच आहे’ हे पुन्हा सांगावं लागतं. नोंदवण्यासारखं आणखीही बरंच: तोंडात पाय धरला पण दाबला नाही, मोठं पिल्लू आपणहून उताणं पडलं, पाठलाग करणारं पुढच्याच फेरीत पळू लागलं. आधी आठ-दहा क्रियांची व्याख्यांसह यादी करा. मगच घड्याळ लावा.

पिल्लं ठिपक्यांवरून, शेपटीच्या टोकावरून ओळखा. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि चिठ्ठी टाकून क्रम ठरवा. मग एकाच पिल्लावर १० मिनिटं नजर ठेवायची, दर १५ सेकंदांनी त्या क्षणी ते काय करतंय ते टिपायचं: ४० नोंदी. नुसतं ‘जे दिसेल ते’ लिहिलं तर दंगेखोर पिल्लूच वहीभर होतं आणि कोपऱ्यात बसलेलं सुटतं. १९७४ मध्ये जीन आल्टमन यांनी निरीक्षणाच्या पद्धतींची जी शिस्त घालून दिली, ती नेमकी हीच चूक टाळण्यासाठी. खेळाच्या आमंत्रणासारखी क्षणभराची क्रिया १५ सेकंदांच्या फटीत निसटते. तिची वेगळी उभी रेघ मारून मोजणी करा.

मग मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ दोघांनी वेगवेगळा बसून नोंदवा. इथे टक्केवारी फसवते. समजा १०० नोंदींत दोघांनीही प्रत्येकी १० वेळा ‘खेळ’ लिहिलं, पण त्यातल्या ४च जागा जुळल्या. एकमत दिसतं ८८ टक्के. नुसत्या योगायोगानेच ८२ टक्के जुळलं असतं. म्हणून योगायोग वजा करून खरं एकमत सांगणारा आकडा, ‘कोहेनचा कप्पा’ (० म्हणजे निव्वळ योगायोग, १ म्हणजे पूर्ण एकमत) काढा: (०.८८ − ०.८२) भागिले (१ − ०.८२), म्हणजे ०.३३. तुमच्या व्याख्या ढिल्या आहेत. त्या घट्ट करून पुन्हा नोंदवा.

सगळ्यांत जास्त घोळ बिस्किटं घालणाऱ्यांमुळे होतो. पुडा उघडला की खेळ संपतो आणि ओढाताण सुरू होते, दिसायला जवळपास तशीच. तेवढी मिनिटं वेगळ्या खुणेने बाजूला काढा. ती फेकू मात्र नका: खेळ कशाने थांबला (फटाका, मोठं कुत्रं, खाणं) आणि किती वेळाने परत सुरू झाला, हा पिल्लाच्या मनःस्थितीचा मोजता येणारा पुरावा आहे. उंदरांवर काम करताना मेंदूशास्त्रज्ञ याक पांकसेप यांनीही असंच केलं. मांजराचा वास पिंजऱ्यात ठेवला की खेळ थांबत होता, आणि वास काढून घेतल्यावरही काही दिवस तो कमीच राहिला.

आई जवळ असेल तर आठ-दहा मीटर लांब बसा, पिल्लू उचलू नका. दात किंवा नख लागलंच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा, पिल्लू कितीही लहान असो.