म्हार्दोळ नक्की कुठलं?

२१ जुलै, रात्री साडेअकरा

पाऊस सकाळपासून धरून आहे. दुपारी दोनदा लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालीय, म्हणून पंखा बंद ठेवून फक्त राउटर आणि लॅपटॉप चालवला. नवी बॅटरी आज यायची होती. चार वाजता कुरिअरवाल्याचा फोन आला, "सर, म्हार्दोळला देवळापुढं उभा आहे, घर कुठं?" छत्री घेऊन गेलो तर देवळात पितळी समईपाशी चिटपाखरू नाही. पुन्हा फोन केला तेव्हा कळलं, हे महाशय गोव्यातल्याच वेर्ण्याला, जुन्या म्हार्दोळच्या म्हालसा देवीच्या देवळापुढं उभे. बॅटरी परत गेली. आई म्हणाली, "पिनकोड घातला होतास ना?" घातला होता. त्याने बघितलाच नाही.

असो. लिहायला बसलो तो दुसऱ्याच पत्त्यापायी. चार दिवस छळणारा बग आज सापडला आणि आता झोप येत नाहीये.

सध्या काम आहे ते चालू व्हीएम (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) बंद न करता तिच्याखालचं क्यूएमयू, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, बदलायचं. त्याच मशीनवर जुनी प्रोसेस जाते, नव्या आवृत्तीची येते आणि आतल्या गेस्टला, म्हणजे व्हीएममध्ये चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला, याचा पत्ता लागता कामा नये. मेमरी कॉपी करायची नसते. ती मेमएफडीने, म्हणजे डिस्कवर नसलेल्या, नुसत्या मेमरीतल्या फाईलच्या रूपात घेतलेली असते. जुनी प्रोसेस तिचा फाईल डिस्क्रिप्टर (उघड्या फाईलचं टोकन) युनिक्स सॉकेटवरून (दोन प्रोसेसमधली वाट) नवीच्या हातात देते आणि नवी तो एममॅप करते, म्हणजे ती मेमरी आपल्या पत्त्यांत जोडून घेते. ६४ जीबीची व्हीएम असली तरी मेमरीचं एक पान जागचं हलत नाही.

गेस्ट ज्याला स्वतःची रॅम समजतो तिथले पत्ते तसेच राहतात. खरोखरच्या रॅमच्या चिपांतली जागाही तीच. बदलतो तो मधला पत्ता, म्हणजे ती मेमरी प्रोसेसला स्वतःच्या अंगणात जिथं दिसते तो. लिनक्स सुरक्षेसाठी दर वेळी ही मांडणी मुद्दाम विस्कटतो, त्यामुळे जुन्या प्रोसेसमधला पॉइंटर (जपून ठेवलेला असा पत्ता) नव्या प्रोसेसमध्ये म्हणजे नुसता एक आकडा.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दोन वर्षं हेच करतोय. तरीही मी लिहिलेल्या एका छोट्या आभासी डिव्हाइसच्या कोडमध्ये, रिंगचा (गेस्ट आणि डिव्हाइस ज्या मेमरीतून एकमेकांना कामं देतात तिचा) पत्ता गेस्टने दिला की त्याचं एकदा भाषांतर करून तो पॉइंटर जवळ ठेवायचा, दर वेळी कशाला शोधा, अशी हुशारी केली होती. पुढे कधीतरी डिव्हाइसची अवस्था सेव्ह करायची यादी लिहिताना त्या पॉइंटरचं फील्डही यादीत गेलं. ६४ बिटांचा आकडा तो, कंपायलरने कशाला हूं की चूं करावं?

टेस्ट मात्र माझ्याकडे दर वेळी पास. पुण्याच्या सहकाऱ्याकडे दहातून तीनदा नवी प्रोसेस क्रॅश. आणि एकदा तर क्रॅशही नाही, वीस मिनिटांनी गेस्टची फाईल सिस्टिम बिघडलेली. "तुझ्या मशीनवर काय देव बसवलाय का?" असं तो म्हणाला तेव्हा हसलो, पण आतून घाबरलो होतो.

आज दुपारी दुसऱ्यांदा लाईट गेली तेव्हा टर्मिनलवरचे जुने लॉग नुसते वरखाली करत बसलो होतो. जुन्या प्रोसेसमधला पत्ता ७एफएफएफएफ७ ने सुरू. नव्या प्रोसेसमधला पण ७एफएफएफएफ७ ने. कालचा, परवाचा, सगळे तेच. इतकं एकसारखं असतं का कधी? मग लख्ख दिसलं. मी दोन्ही प्रोसेस जीडीबी या बग शोधायच्या प्रोग्रामखाली चालवत होतो आणि जीडीबी आपणहून पत्त्यांची ती विस्कटणी बंद करून टाकतो. माझ्याकडे दोन्ही घरं दर वेळी एकाच जागी बांधली जात होती. बग शोधायला म्हणून जे लावलं होतं, त्याच्याच पदराखाली बग लपला होता.

सहकाऱ्याची पहिली सूचना होती, नव्या प्रोसेसमध्येही मेमरी त्याच पत्त्यावर मॅप कर, 'इथंच हवी' असं सांगणारा मॅप-फिक्स्डचा झेंडा लाव. नाही. तो झेंडा लावला की त्या जागी आधी जे काही बसलंय ते कर्नल (लिनक्सचा गाभा) मुकाट्याने उचलून फेकतो, मग ती एखादी लायब्ररी का असेना. २०१८ साली लिनक्स ४.१७ मध्ये त्याचा सभ्य भाऊ आला, जो जागा अडलेली असेल तर सरळ नकार देतो. तो बरा, पण जुन्याच पत्त्याची गरज पडते हीच तर खरी चूक.

म्हणून पॉइंटर यादीतून काढला. सेव्ह होतो तो गेस्टने दिलेला पत्ता आणि लांबी. नव्या प्रोसेसमध्ये अवस्था लोड झाल्यावर भाषांतर नव्याने. त्याआधी तपासणी: पत्ता अधिक लांबी ही बेरीज उलटी फिरून शून्याकडे जात नाही ना, पूर्ण तुकडा त्याच रॅम ब्लॉकमध्ये (गेस्टच्या रॅमचा एक सलग भाग) बसतो ना. आलेला डेटा आपल्याच जुन्या प्रोसेसने पाठवलाय म्हणून त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. क्यूएमयूचं मायग्रेशनही (व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवणं) रॅमचं पान पाठवताना हेच करतं, ब्लॉकचं नाव आणि त्यातलं अंतर. पॉइंटर कधीच नाही.

खरं अवघड आहे ते व्हीएफआयओचं, म्हणजे खरं हार्डवेअर गेस्टला थेट देणाऱ्या लिनक्सच्या सोयीचं, कारण तिथं पत्ता कर्नलच्या वहीत लिहिलेला असतो. गेस्टला थेट दिलेलं नेटवर्क कार्ड पिन केलेल्या (जागची हलू न दिलेल्या) पानांवर डीएमए करतच राहतं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट वाचत-लिहीत राहतं, ते थांबवायचं नाही, फक्त वहीतला प्रोसेसचा पत्ता आधी खोडायचा आणि नव्या प्रोसेसने आपला लिहायचा. ही सोय लिनक्स ५.१२ मध्ये, २०२१ साली आली. आमच्या टीममध्ये त्याला कोणी हौसेने हात लावत नाही, मीही नाही.

जेवताना आईला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, मग आमच्या म्हालसेचं तसंच की. सोळाव्या शतकात गोव्यातल्या सासष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा वेर्ण्याची म्हालसा झुवारी नदी ओलांडून इकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आली आणि येताना म्हार्दोळ हे नावही घेऊन आली. मी म्हटलं, अगदी तसंच नाही, इथं तर पत्ताच सोबत आला. पण आता वाटतं, तिने धरलं ते बरोबर टोक होतं. आज कुरिअरवाला कुठल्या ओसाड माळावर पोचला असता तर त्यालाच कळलं असतं की चुकलो. तो पोचला खऱ्या देवळापुढं, खऱ्या म्हालसेपुढं. पुण्याच्या त्या वीस मिनिटांत माझा पॉइंटर असाच कुणाच्या तरी खऱ्या मेमरीपुढं उभा होता आणि निवांत लिहीत होता.

उद्या सकाळी त्याच फाईलमधली ६४ बिटांची आणखी दोन फील्डं बघायची आहेत. एकाचं नाव मीच 'बेस' ठेवलंय. कशाचा बेस, आठवत नाही. आणि टेस्ट जीडीबीशिवाय चालवायच्या, निदान पन्नास वेळा. बॅटरी परवा येणार म्हणे. या वेळी पत्त्यात 'प्रियोळ, फोंडा' ठळक घातलंय.