३१ मार्चच्या आत

आमच्या हॉस्पिटलच्या काउंटरमागे, गजाननाच्या तसबिरीशेजारी, एक कागद फ्रेम करून लावलेला आहे. पेशंटचं त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो 'फॉर्म सी', म्हणजे शुश्रूषागृह नोंदणीचं प्रमाणपत्र. मूळ कायदा १९४९ सालचा. नोंदणी तीन वर्षांची, आणि ती संपते ३१ मार्चलाच. तो कागद नसेल तर पंधरा खाटांचं आमचं हॉस्पिटल एकही पेशंट दाखल करून घेऊ शकत नाही.

मागच्या नूतनीकरणाचं काम पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्यावर आलं. आधीचे मॅनेजर काका निवृत्त होताना एक जाडजूड फाईल माझ्याकडे देऊन गेले आणि म्हणाले, "अडलीस तर फ्रेम काढून मागं बघ." मी कॉमर्स पदवीधर. रिसेप्शनवर लागले, मग बिलिंग, मग मेडिक्लेमची कामं, आणि नऊ वर्षांनी मॅनेजरच्या खुर्चीत. सर सर्जन, मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ. गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं, भोवताली साखर कारखाने. आमचे हे त्यातल्याच एका कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. त्यामुळे हंगामात यांची पाळी आणि माझी ड्यूटी यांचा मेळ बसत नाही. त्या वर्षी थोरली दहावीला होती.

माझा दिवस सकाळी आठला वॉर्डातून एक फेरी मारून सुरू होतो. रात्री कोण दाखल झालं, कोणाचा डिस्चार्ज आहे, ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर किती, जनरेटरला डिझेल आहे का. मग ओपीडीची गर्दी सुरू होते आणि त्यातच विमा कंपनीचा मेल येतो की अमुक पेशंटचा एक रिपोर्ट स्कॅन नीट नाही, पुन्हा पाठवा. दुपारी डबा उघडला की हमखास कोणाची तरी सुट्टी मागायची वेळ होते. नर्सेसचा ड्यूटी चार्ट हे माझं सगळ्यात जिकिरीचं काम. माणसं मोजकी, प्रत्येकीच्या घरी कोणीतरी आजारी किंवा कोणाचं तरी लग्न. हे सगळं सांभाळून नूतनीकरणाचे कागद जमवायचे होते.

ऑक्टोबरात मी काकांचं ऐकून फ्रेम उतरवली. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात यादी होती : आगीचं प्रमाणपत्र, प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र, कचऱ्याच्या गाडीचा करार, डॉक्टरांची नोंदणी, सिस्टरांची नोंदणी, दरपत्रक. शेवटी एक ओळ, 'सगळं स्वतः बघून ये, ऐकीव धरू नको.' ती ओळ मी शब्दशः पाळली, म्हणून पुढचं सगळं झालं.

सुरुवात आगीपासून केली. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावं लागतं. आग विझवायचे सिलिंडर भरलेले होते, तारखाही बरोबर होत्या. पण मागच्या दाराशी जुन्या गाद्या आणि मोडकी कॉट रचून ठेवलेली. ती रोज बघत होते मी, आणि ती तिथं नको हे कधी मनात आलं नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ती बातमी वाचून मी तेव्हा रडले होते, आणि माझ्याच वॉर्डाचं दार गाद्यांनी अडवलेलं होतं. गाद्या त्याच दिवशी हलवल्या. मग एका रात्री दहा वाजता, वॉर्डात एकच पेशंट असताना त्यांना सांगून, दिवे मालवून सराव केला. उशी चादरीत गुंडाळून बाळ म्हणून आयाबाईंच्या हातात दिली. अंधारात त्या दारापर्यंत बरोबर पोचल्या, पण कडी इतकी घट्ट होती की एका हातानं निघेना. दुसऱ्या हातात बाळ असतं तेव्हा एकच हात मोकळा असतो. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून कडी बदलली.

कचऱ्याच्या बाबतीत मला काळजी कमी होती, कारण आमच्या सफाईच्या मावशी. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतले चार रंग त्यांनी स्वतःच्या भाषेत बसवलेत : "रगात लागलं की पिवळी, नळी-प्लॅस्टिक लाल, टोचतंय ते पांढऱ्या डब्यात, फुटतंय ते निळ्यात." म्हणजे ड्रेसिंगचा कापूस आणि बाळंतपणातली वार पिवळ्या पिशवीत, सलाईनचे सेट आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया कापून पांढऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. नव्या आलेल्या सिस्टरांना मीही हेच वाक्य शिकवते. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, पिशवीवर बारकोड लावायचा, वजन वहीत घ्यायचं. वहीत दोन ठिकाणी वजन राहिलं होतं. मी ते मागाहून भरलं नाही. त्या दोन दिवसांपुढे 'नोंद राहिली' असं लिहून सही केली.

खरी अडचण नर्सेसच्या फाईलमध्ये निघाली. प्रत्येकीचं नर्सिंग कौन्सिलचं मूळ प्रमाणपत्र बघायचं ठरवलं, झेरॉक्स नाही. आमच्या रात्रपाळीच्या एक सिस्टर, अकरा वर्षांचा अनुभव, रात्री दोन वाजता मुलाची शीर सापडत नसली की सरही ज्यांना हाक मारतात, त्या आठवडाभर प्रमाणपत्र आणायचं टाळत होत्या. शेवटी एका दुपारी स्टोअरमध्ये येऊन रडायलाच लागल्या. नोंदणीची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. माहेरच्या नावानं नोंदणी, आधारवर सासरचं नाव, आणि लग्नाचा दाखला कधी काढलेलाच नव्हता. कुठून सुरुवात करायची कळेना म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. मला त्यांचा राग आला नाही. दर वर्षी तारखा बघणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

सोपा मार्ग मला दोघा-तिघांनी सुचवला. यादीत त्यांचं नाव घालायचं नाही, ड्यूटी मात्र चालू ठेवायची, कोण बघतंय. मला ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. कागदावर एक आणि वॉर्डात दुसरं असं एकदा चालू झालं की मग आगीच्या कागदाचाही भरवसा उरत नाही. मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन जसं होतं तसं सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, "नोंदणी होईपर्यंत त्यांना लिनन आणि स्टोअर बघू दे. पगार पूर्ण द्या." त्यांच्या रात्री इतर दोघींनी वाटून घेतल्या, आणि त्यांतल्या एकीचं बाळ दीड वर्षाचं होतं. मी त्या दोघींची ऋणी आहे. लग्नाच्या दाखल्यासाठी सिस्टरांबरोबर मी स्वतः गेले, फोटो, साक्षीदार, लग्नपत्रिका सगळं घेऊन. दाखला मिळाला, नावातला बदल आणि नूतनीकरणाचा अर्ज गेला, पोच मिळाली. प्रमाणपत्र मात्र यायचं होतं.

जानेवारीत अर्ज दाखल केला. त्यापायी एका कार्यालयाच्या मी चार फेऱ्या मारल्या. जाऊन येऊन अख्खा दिवस. पहिल्या फेरीत एक कागद कमी, तो नेला तर दुसरा. सगळं एकदाच का सांगत नाहीत याचा मला मनापासून त्रास झाला, कारण प्रत्येक फेरीला माझ्या जागी काउंटरवर कोणीतरी दुप्पट काम करत होतं. तिसऱ्या वेळी मी शांतपणे म्हटलं, "साहेब, ज्या त्रुटी असतील त्या लेखी द्या." लेखी मिळालं आणि चौथ्या फेरीत काम झालं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे : दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि त्रुटी लेखी मागा. त्यात कोणाचा अपमान नाही.

तपासणीचा फोन आदल्या संध्याकाळी आला. उद्या सकाळी दहाला. उद्याच थोरलीचा बीजगणिताचा पेपर, अकराचा. मी घरी सांगितलं तेव्हा लेक वहीतून मान वर न करता म्हणाली, "मला आजी सोडेल. तू नको येऊ, तुला बघून मलाच टेन्शन येतं."

रात्री तीनला ड्यूटीवरच्या सिस्टरांचा फोन. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई, बीड जिल्ह्यातली, फडाजवळच्या खोपीवरून बैलगाडीतून आणलेली, कळा सुरू होऊन बराच वेळ झालेला. मॅडम पोचल्या होत्या. मी गेले ती केसपेपर आणि औषधांसाठी. नवरा दाराशी उभा, कोयता अजून कमरेला, सारखं विचारत होता, पैसे किती भरायचे. मी त्याला बाकावर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, पैशाचं सकाळी बोलू, आधी ती मोकळी होऊ दे. पाच वाजता मुलगी झाली, दोन किलो चारशे. आई खूप थकलेली, पण रक्तस्राव आटोक्यात होता.

घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गुडघे दुखत असताना पोळ्या केल्या होत्या, आणि लेकीचं हॉल तिकीट देवापुढं ठेवलं होतं. हे रात्रपाळी करून आले ते अंघोळ न करताच तिला सोडायला तयार झाले. मी तिचं कंपासपेटीतलं पेन चालतंय का बघितलं, अंघोळ केली आणि परत हॉस्पिटलला.

पथक आलं तेव्हा लेबर रूमची फरशी नुकतीच पुसून ओली होती. महिनाभर चकचकीत ठेवलेली खोली नेमकी त्या दिवशी वापरलेली. पथकातल्या डॉक्टरसाहेबांनी वहीत पहाटेची नोंद बघितली आणि पिवळ्या पिशवीवरचा बारकोड त्या नोंदीशी ताडून घेतला. मग मावशींना विचारलं, सलाईनची नळी कुठं टाकता? मावशींनी पूर्ण वाक्यच म्हणून दाखवलं, चारही रंगांचं. साहेबांनी ते पुन्हा म्हणायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. मागचं दार त्यांनी स्वतः एका हातानं उघडून बघितलं. दरपत्रकाचा फलक ओपीडीचं दार उघडलं की दारामागे झाकला जात होता. तो पेशंटच्या समोर हवा असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्यांच्यासमोरच खिळा ठोकून काउंटरवर लावला. सिस्टरांचं मी आधीच सांगून टाकलं, पोच दाखवली, त्या सध्या कोणतं काम करतात तेही. त्यांनी यादीतून नाव वगळून शेरा मारला आणि म्हणाले, प्रमाणपत्र आलं की कळवा. ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. सिस्टर त्याच रात्री ड्यूटीवर आल्या.

दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा मी कचऱ्याच्या वहीवर सही करत होते. शेवटचं उदाहरण राहिलं, बाकी चांगला गेला म्हणाली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवा फॉर्म सी आला. फ्रेममध्ये घालण्याआधी काकांच्या यादीखाली मी पेन्सिलीनं लिहिलं : सिस्टरांच्या नोंदणीच्या तारखा दर जानेवारीत, नाव बदललंय का विचार, मागच्या दाराची कडी.

त्याच सुमारास कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळ्या परत निघाल्या. त्या बाळाची जन्माची खबर आम्ही दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत दिली होती. मुदत २१ दिवसांची असते, पण टोळी कधी हलेल याचा नेम नसतो. बाप दाखला न्यायला आला. जन्मठिकाणापुढं आमच्या हॉस्पिटलचं नाव होतं, ते त्यानं मला दोनदा वाचायला लावलं. बाळाच्या नावाची जागा रिकामी होती. गावी गेल्यावर बारसं, म्हणाला. मी त्याला सांगितलं, वर्षाच्या आत नाव घातलं तर पैसे पडत नाहीत, दाखला जपून ठेवा, पुढच्या हंगामाला येताना नाव घेऊन या.