तीन महिन्यांची मुदत

जर्मनीत निर्वासित म्हणून मान्यता मिळाली की जोडीदाराला आणि अल्पवयीन मुलांना बोलावून घेण्याचा हक्क मिळतो. तीन महिन्यांच्या आत अर्ज केला, तर पगार किती, घर केवढं हे सहसा विचारत नाहीत. मुदत टळली की दोन्हीचे पुरावे मागू शकतात. एवढी महत्त्वाची गोष्ट कितीजणांना वेळेवर कळते?

आज श्टुटगार्टच्या मदत केंद्रात एका सिरियन दादांची फाइल चाळताना मान्यतेचं पत्र हाती लागलं. मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. तिथेच बसून अर्जाची नोंद केली, पावती छापून दिली. त्यांनी लगेच बायकोला फोन लावला आणि बोलता बोलता रडायलाच लागले.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंसाठी मात्र काहीच करता आलं नाही. त्यांना 'दुय्यम संरक्षण' आहे, म्हणजे निर्वासित म्हणून मान्यता नाही, पण मायदेशी परतल्यास गंभीर धोका असल्याने इथे राहू देतात, आणि त्या गटासाठी कुटुंब आणणं जुलै २०२५ पासून दोन वर्षं थांबवलंय. अपवाद फक्त अगदी बिकट परिस्थितीत. त्यांची मुलं तुर्कस्तानात आहेत. इकडे सरकार ६०० तास भाषा शिकवतं, वर १०० तास कायदा, इतिहास, समाज. हे चांगलंच आहे, मी त्याचं मनापासून कौतुक करते. पण लेकरं दूर असताना आईचं वर्गात लक्ष कसं लागेल? मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो.

इथे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना जर्मन सरकारी पत्रं नीट वाचता येतात, त्यांनी शनिवारी तासभर यावं. कमेंटमध्ये लिहा, पत्ता पाठवते.