खडपात अडकलेला नांगर

मुरगावच्या किनाऱ्यासमोरील ग्रँड बेटाभोवती गरीने मासेमारी करणाऱ्या आम्हा लहान होडीवाल्यांना तांबोशी आणि गोबरा हे मासे खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकांच्या, आसपासच मिळतात, त्यामुळे नांगर अडकण्याची धास्ती घेऊनच तिथे थांबावे लागते. त्या दिवशी आम्ही वाऱ्याच्या बाजूला फिकट दिसणारा वाळूचा पट्टा शोधून नांगर टाकला होता आणि दोर सैल सोडत होडी खडपावर येऊ दिली होती. नांगराने प्रवाळ मोडू नये म्हणूनही हे आवश्यक आहे, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कठीण प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे. पाण्याची खोली पाच वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) असेल तर आम्ही वीस-पंचवीस वाव दोर सोडतो, आणि नांगराजवळ साखळी ठेवतो, कारण कालवांच्या धारेवर घासून नायलॉनचा दोर लवकर तुटतो.

दुपारी खारा वारा अचानक वाढला आणि निघावे असे ठरले, पण नांगर वाळूतून सरकून कपारीत बसला होता. आमची साखळी नांगराच्या दांड्याच्या वरच्या टोकाला असलेल्या कडीला नव्हे, तर आकडे जिथे एकत्र येतात त्या बुडख्याला बांधलेली असते; तिथून ती दांड्यालगत वर आणून कडीशी केवळ सुतळीच्या वेढ्यांनी जखडलेली असते. होडी चालवणाऱ्या आमच्या तांडेलकाकांनी ती नांगराच्या माथ्यावरून पुढे नेली, दोर आखडून नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या, खुंट्याला बांधला, आणि लाटेने नाळ उचलताच सुतळी तुटली. नांगर बुडख्याकडून ओढला गेला आणि अलगद सुटला. सुतळी किती वेढे गुंडाळायची हे मात्र अनुभवानेच कळते, आणि अशा बांधणीच्या भरवशावर होडी सोडून जाऊ नये.

त्याच वेळी शेजारच्या होडीवरील दोघांनी आपला अडकलेला दोर मागे, इंजिनाच्या बाजूला बांधून जोर लावला. मागची कड आधीच पाण्यालगत असते. दोराने ती आणखी खाली खेचली आणि पुढची लाट सरळ आत आली. काका ओरडले, "मागचा दोर सोडा! इंजिनाचा जोर कमी करा!" त्या मुलांनी ऐकले, होडी वाऱ्याकडे तोंड करून सावरली आणि ते पाणी उपसू लागले. आम्ही त्यांना रिकामा प्लास्टिकचा डबा फेकला, तो दोराच्या टोकाला बांधून त्यांनी दोर समुद्रात सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा मंद असताना आम्ही दोन्ही होड्या घेऊन डब्यापाशी गेलो आणि उलट दिशेने दोर ओढला. नांगर वर आला तेव्हा त्याचा एक आकडा सरळ झाला होता. काकांनी तो तिथेच ठोकून वाकवला, साखळी बुडख्याला बांधली आणि सुतळीचे वेढे त्या मुलांकडूनच घालून घेतले.